कॉम्प्टनचं वॉट्स चॅपल: आत नेमकं बघायचं काय?

पाऊसवेडी
इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला राहून चार वर्षं झाली, पण शेजारच्या कॉम्प्टन गावाच्या दफनभूमीतलं हे चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, मागच्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही घाईत. टेकाडावर लालभडक, आत शिरले तर काळोख आणि भिंतभर पंखच पंख. पाच मिनिटांत गुदमरून बाहेर. आता नाशिकहून आई आलीय. तिला न्यावंसं वाटतंय, पण ती म्हणते, "मसणात कसली गं सहल?" तर जाणकारांनो, आतलं ते नक्षीकाम लाकडाचं की प्लास्टरचं? काही देवदूत पाठमोरे का? आणि वॉट्स तर चित्रकार ना, मग इमारत त्यांनी कशी बांधली?

भाजलेली_वीट
शेवटचं आधी. इमारत त्यांची नाही, त्यांच्या बायकोची. मेरी वॉट्स. जन्म १८४९चा, हिंदुस्थानातला. वाढली स्कॉटलंडमध्ये आजी-आजोबांकडे. गावाला नवी दफनभूमी हवी होती, तिथलं चॅपल मी करते म्हणाली. खर्च नवऱ्यानं उचलला. चर्चा मात्र अजून त्याच्याच नावाची, काय बोलायचं!

बाहेरची लाल नक्षी भाजलेल्या मातीची आहे. मी स्वतः कुंभाराच्या चाकावर बसते, म्हणून मातीबद्दल जरा लांबण लावते. माती वॉट्स दांपत्याच्या घराच्या आवारातलीच. मेरीबाई दर गुरुवारी संध्याकाळी गावकऱ्यांची शिकवणी घ्यायच्या आणि तिथून ही नक्षी आली. आता विचार करा: ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, साधारण दहा टक्के धराच. जाड तुकडा मागून पोखरला नाही किंवा आत हवा राहिली, तर भट्टीत फुटतो. एका बाजूनं लवकर वाळला तर वाकतो. असे असंख्य तुकडे नवख्या हातांनी करायचे आणि भाजल्यावर गोल भिंतीवर शेजारी-शेजारी बसवायचे. माझ्या साध्या ताटल्या एका मापाच्या येत नाहीत हो! १८९८मध्ये चॅपलचा अभिषेक झाला. मातीचं काम पुढेही चालू राहिलं, त्यातून गावात कुंभारकामाचा गिल्ड, म्हणजे कारागिरांचा संघ, उभा राहिला.

आतलं काम लाकूड नाही, जेसो आहे, म्हणजे प्लास्टरसारखा लेप. तंतू लेपात भिजवून उठाव द्यायचा, वर रंग आणि सोनेरी. ते संपायला १९०४ उजाडलं. देवदूतांचं म्हणाल तर एक समोर तोंड केलेला, पुढचा पाठमोरा. प्रत्येक गोष्टीची उजेडाची आणि अंधाराची बाजू, असं मेरीबाईंच्या मनात होतं. आराखडाही तसाच बोलका: अनंताचं वर्तुळ आणि त्याला छेदणारा क्रूस.

काळोखाचं म्हणाल तर खिडक्या अरुंद आहेत. आत गेल्यावर लगेच मोबाईल काढू नका. बाकावर दहा मिनिटं बसा, डोळे सरावले की सोनेरी रेघा आपोआप वर येतात.

गावकुसाबाहेर
माझं मत वेगळं. केल्टिक गाठी, रोमनेस्क कमान, इजिप्त, आर्ट नूव्हो, सगळ्या शैली एकाच पानात वाढल्यात. मेलेल्या माणसाजवळ इतकी बडबड कशाला? मला बाहेरचा लाल रंग आवडतो, तोही पावसात भिजल्यावर. आईंना आत कोंदटलं तर सरळ वर चढा. वरती वॉट्सची समाधी आणि ओवरी आहे, वाटेत भाजल्या मातीची थडगी. लेखक आल्डस हक्सलीच्या अस्थीही याच दफनभूमीत आहेत.

भाजलेली_वीट
@गावकुसाबाहेर, बडबड आहे खरी. पण वेदीवरचं चित्र बघा, तिथं सगळं शांत होतं. मांडीवर ताऱ्यांचा गोल घेऊन बसलेली एक आकृती. ते मात्र नवऱ्याचं, खास या चॅपलसाठी १९०४मध्ये रंगवलेलं. त्याच जुलैत तो गेला.

पाऊसवेडी
जाऊन आलो! दाराशी आईनं पहिलं विचारलं, "चपला काढायच्या का?" नाही म्हटलं तरी ती उंबऱ्यावर थबकलीच. आत बाकावर बसली ती वीस मिनिटं उठली नाही, पाठमोऱ्यांकडेच बघत होती. बाहेर आल्यावर दाराच्या कमानीतले चेहरे एकेक करून न्याहाळले. "हिचे गाल बघ, हिचे नाहीत तसे. ही रुसलीय. वेगवेगळ्या बायकांनी केलेत हे."

परतताना बसमध्ये म्हणाली, रविवारी परत येऊ, डबा घेऊन.