विषय: शनिवारची लेझीम आणि मॅगपाय

मानसी:
सर्वांना नमस्कार. शनिवारी लेझमीच्या तालमीला मैदानाच्या पार्किंगकडच्या वाटेने कुणीही येऊ नका. तिथल्या मोठ्या निलगिरीवर मॅगपाय या ऑस्ट्रेलियातल्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचं घरटं आहे आणि काल त्याने ईशानच्या डोक्यावर मागून झडप घातली. कानाजवळ ओरखडा आलाय. मुलांना सायकली देऊ नका, सायकलवाल्यांवर तो जास्त चिडतो. क्रिकेट नेटच्या बाजूने या.

दिलीप:
मॅगपायच कशावरून? आमच्या काचेवर रोज चोच आपटणारा पक्षी पीवी निघाला. तोही काळा-पांढराच, आणि तोही अंगावर येतो. हे मैदान गणपतीच्या तालमीसाठी मी दरवर्षी बुक करतो. खात्री झाल्याशिवाय बदल नकोत.

मानसी:
काका, पीवी बराच लहान असतो. त्याची चोच बारीक, फिकट आणि घरटं चिखलाचं. याची चोच जाड, निळसर पांढरी, टोकाला काळी. डोळे तांबूस. पाठ स्वच्छ पांढरी, म्हणजे नर. आपल्या मेलबर्नकडे मादीची पाठ करडी असते. घरटं काटक्यांचं, वर बेचक्यात, त्यात तारेचा तुकडाही दिसतो. मादी तीनेक आठवडे अंडी उबवते, पुढे पिल्लं घरट्यात महिनाभर. राखण नराची. खरं तर बहुतेक नर कुणाच्या वाटेला जात नाहीत, दहातला एखादाच असा.

सुनंदा:
बिचाऱ्याला बोल लावू नका गं. पहाटे त्यांचं गाणं ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. हिरवळीवर मान तिरकी करून मातीखालच्या अळीची चाहूल घेतात, मग चोच खुपसून नेमकी तीच ओढून काढतात. मी थोडा खिमा ठेवते, अगदी पायाशी येतात.

केतन:
सुनंदाताई, खिमा नका घालू. त्यात कॅल्शियम फार कमी, पिल्लांची हाडं कच्ची राहतात. पाणी ठेवा.

दिलीप:
काउन्सिलला सांगून घरटं हलवून घ्या. मैदान आपण आधी घेतलंय.

केतन:
काका, इथला मूळचा पक्षी आहे, कायद्याने संरक्षित. परवानगीशिवाय घरट्याला हात लावता येत नाही. तेच झाड ही जोडी वर्षानुवर्षं राखत असणार. मुलांना दगड मारू देऊ नका. तो चेहरे लक्षात ठेवतो, पुढच्या वर्षीही त्याच पोराला धरेल.

सुनंदा:
आमच्या गावी कावळ्याची पिल्लं असली की आंब्याखालून डोक्यावर सूप धरून जायचो. चोच सुपावर बसायची. आईने कधी झाड तोडू दिलं नाही.

मानसी:
ताई, इथे छत्री चालेल. झाडापासून शंभरेक मीटरच्या आतच तो येतो, म्हणून तालीम पलीकडच्या टोकाला घेते. काका, बुकिंग तेच राहतं, फक्त कोपरा बदलतो. लहान मुलांना टोप्या घाला. पळायचं नाही, त्याच्याकडे बघत शांत चालायचं.

दिलीप:
ठीक. पण त्या टोकाला दुपारी सावली नाही, तेव्हा दहाच्या ठोक्याला सुरू करा. लेझमांची पेटी कुणाकडे आहे?