मदत हवी आहे: आईला गोव्यातला मखरोत्सव दाखवायचा आहे
नमस्कार मंडळी. पाऊस ओसरलाय, फोंड्याकडची भातशेतं पिवळी पडू लागलीत आणि घरात आनंदाची बातमी आहे: माझ्या लेकीला मुलगी झाली! पणतीला बघायला आई नवरात्रात रत्नागिरीहून मांडवी एक्सप्रेसने मडगावला येतेय.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या वर्षी, १९९८ ला, बाबांनी तिला म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात नेलं होतं. कीर्तन, मग देवीला बसवलेलं, आरतीच्या तालावर झुलणारं सजवलेलं मखर; हाच नवरात्रातला मखरोत्सव. बाबांच्या खांद्याला धरून, टाचा उंचावून ती बघत होती. आता बाबा नाहीत आणि तिचे गुडघे साथ देत नाहीत.

तिथे खुर्चीवर बसून मखर दिसेल अशी जागा मिळते का? किती वाजता पोचावं? की मंगेशीला जाणं सोपं पडेल? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.