जर्मनीचं एकीकरण: एवढी घाई हवी होती का?

आडवाटसरू
३ ऑक्टोबर, म्हणजे एकीकरणाचा दिवस, आला की बर्लिनच्या भिंतीवर चढलेल्या पोरांचे फोटो फिरायला लागतात (भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, पण चालायचंच). एकीकरणाला माझा विरोध नाही. माझा राग १ जुलै १९९० वर आहे. त्या दिवशी पूर्व जर्मनीत पश्चिम जर्मनीचं चलन, म्हणजे पश्चिमी मार्क, लागू झालं. पगार, पेन्शन, घरभाडं सगळं एकास एक, म्हणजे पूर्वेच्या एका मार्काला पश्चिमेचा एक. बचतसुद्धा वयाप्रमाणे दोन, चार किंवा सहा हजारांपर्यंत एकास एक, त्यावरची दोनास एक.

दिलदारपणा वाटतो ना? पण त्याआधी निर्यातीतून एक पश्चिमी मार्क कमवायला पूर्वेच्या कारखान्यांचे स्वतःचे चारावर मार्क खर्ची पडत. त्यांचा माल एका रात्रीत एवढा महाग झाला की गिऱ्हाईकच उरलं नाही. पश्चिमेची मध्यवर्ती बँक बुंडेसबँक, तिचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल या घाईच्या विरोधात होते. पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल यांनी ऐकलं नाही, उलट पूर्वेचा मुलूख लवकरच बहरेल असं टीव्हीवरून सांगून मोकळे झाले. पूर्वेचं कंबरडं कम्युनिस्टांनी वाकवलं असेल, मोडलं मात्र या निर्णयानं.

सडेतोड
पस्तीस वर्षांनंतर पुण्यात बसून 'घाई झाली' म्हणायला काय जातं? १९८९ या एका वर्षात तीन लाखांहून जास्त लोक पूर्वेतून पश्चिमेत गेले. मोर्चांमधली घोषणाच होती की मार्क आला तर आम्ही राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ. सीमा उघडी, भाषा एक, पलीकडे पाऊल टाकलं की नागरिकत्वाचे सगळे हक्क. थांबवणार कसं? १९६१ ला भिंत बांधली होती ती याच गळतीवर उपाय म्हणून. दुसरी बांधायची होती का?

आणि लोकांना विचारलं नाही असंही नाही. १८ मार्च १९९० च्या पूर्वेतल्या निवडणुकीत ९३ टक्के मतदान झालं. कोल यांच्या बाजूच्या आघाडीला ४८ टक्के मतं. हळूहळू जाऊ, आधी आपलं घर नीट करू, असं म्हणणारे जुने चळवळे 'बुंडनिस ९०' मधून उभे होते. त्यांना २.९.

एल्बेकाठ
मी बरीच वर्षं पूर्वेतल्या सॅक्सनीत राहतो. इथल्या म्हाताऱ्या माणसांसमोर कोलना शिव्या घाला, फारसं कोणी मनावर घेत नाही. 'ट्रॉयहांड' म्हणा, जेवण थांबतं.

नवीन वाचकांसाठी: पूर्वेचे सगळे सरकारी कारखाने विकायला नेमलेली ही संस्था. सुरुवातीला सुमारे ८,५०० कंपन्या आणि त्यात ४० लाख कामगार. पहिले मोठे प्रमुख डेटलेफ रोहवेडर यांनी या साऱ्याची किंमत ६०० अब्ज मार्क धरली होती. १ एप्रिल १९९१ ला त्यांचा राहत्या घरी गोळी घालून खून झाला. १९९४ अखेर दुकान बंद झालं तेव्हा हातात नफा नव्हता, अडीचशे अब्जांच्या वर कर्ज होतं.

आमच्या घरमालकीणबाई हाले शहराजवळ एका रासायनिक कारखान्याच्या लॅबमध्ये होत्या. नोकरी गेली. मग सरकारी रोजगार योजनेत काम मिळालं, तेही स्वतःच्याच प्लांटची मोडतोड करून भंगार वेगळं काढायचं. "पगार वेळेवर यायचा," एवढंच त्या सांगतात.

पूर्वेकडून पश्चिमेनं काय घेतलं म्हणाल, तर लाल सिग्नलला उजवीकडे वळू देणारा हिरवा बाण. हो, तोच.

जुना_कारकून
एल्बेकाठ, बाईंबद्दल वाईट वाटतं. पण तो कारखाना तसाही कितपत जगला असता? तिथल्याच रासायनिक कारखान्यांच्या बिटरफेल्ड गावाच्या हवेचं आणि पाण्याचं काय झालं होतं ते तुम्ही तिथे राहून ऐकलंच असेल. ऑक्टोबर १९८९ मध्ये, म्हणजे भिंत पडायच्या आधी, त्यांच्याच नियोजन आयोगाच्या गेऱ्हार्ड श्यूरर यांनी पॉलिटब्युरोला (सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च मंडळाला) लेखी कळवलं होतं की देश कर्जात बुडतोय. त्यात १९९१ पासून सोव्हिएत गटातला व्यापार डॉलरवर गेला आणि हक्काचं गिऱ्हाईकही गेलं. मार्क एकास दोन दिला असता तरी पूर्वेची ती ट्राबांट गाडी कोण घेणार होतं?

आडवाटसरू
ट्राबांट नका घेऊ हो. बिशोफेरोडं घ्या. थुरिंगियातली पोटॅशची खाण, तिच्या मालाला पश्चिम युरोपात गिऱ्हाईक होतं. ट्रॉयहांडनं पूर्वेच्या खाणी पश्चिमेतल्या स्पर्धक कंपनीत विलीन केल्या आणि ही बंद करायचं ठरलं. १९९३ च्या उन्हाळ्यात कामगार उपोषणाला बसले. वर्षअखेर खाण बंद. हा बाजाराचा न्याय म्हणायचा का? स्पर्धकाच्याच हातात सुरी दिली.

सडेतोड
बिशोफेरोडं मान्य, तिथे शंका घ्यायला जागा आहे. पण मॉस्कोचं घड्याळ विसरू नका. १२ सप्टेंबर १९९० ला दुसऱ्या महायुद्धातल्या चार विजेत्या राष्ट्रांशी करार झाला, डिसेंबरात सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवर्दनाझेंनी राजीनामा दिला, पुढच्या ऑगस्टमध्ये गोर्बाचेव्हविरुद्ध बंड. वर्षभर रेंगाळले असते तर पूर्वेतलं सोव्हिएत सैन्य कोणाशी बोलून हलवलं असतं?

आडवाटसरू
सैन्य हलवायला करार लागत होता, एकास एक मार्क नव्हे. त्या दोन गोष्टी कोल यांनी एकत्र बांधल्या, कारण डिसेंबरात निवडणूक होती. मतदारांना खरी किंमत सांगितली असती तर त्यांनी थांबायची तयारी दाखवली असती.

जुना_कारकून
सांगितली होती की! कोल यांच्याविरुद्ध उभे असलेले सोशल डेमोक्रॅट ऑस्कार लाफोंतेन वर्षभर तेच ओरडत होते, हे भलतं महाग पडेल म्हणून. २ डिसेंबरला त्यांच्या पक्षाला ३३.५ टक्के मतं पडली.