कट, येळवणी, सार: पुरणाच्या दिवसाचे शब्द

होळीला किंवा पोळ्याला घरभर माणसं जमली, की स्वयंपाकघरातून हमखास ऐकू यायचा तो शब्द 'कट'. कटाच्या आमटीतला कट आणि कोल्हापूरच्या कटवड्यातला कट एकच का? सोलापूरकडे याच आमटीला 'येळवण्याची आमटी' म्हणतात, त्या शब्दाची फोड कशी करायची?

– आधी येळवणी, कारण त्याची फोड स्वच्छ आहे. क्रियापद 'वेळणे': भांड्यावर वेळणी दाबून धरायची, भांडं कलतं करायचं आणि शिजलेल्या भाताचं किंवा डाळीचं पाणी ओतून काढायचं. ते पाणी म्हणजे वेळवणी. बोलीत 'वेळ'चं 'येळ', 'वेडा'चं 'येडा' होतं, तसंच हे येळवणी. शेवटचं 'वणी' म्हणजे पाणीच. गुळवणी, चिंचवणी हे त्याच घरातले शब्द. म्हणून रूपंही पाण्यासारखी चालतात: पाण्याची, तसं येळवण्याची, पाण्यात, तसं गुळवण्यात पोळी बुडवायची. 'येळवणीची आमटी' असं लिहिलेलं दिसतं, ते मला खटकतं.

– वेळणे, गाळणे आणि निथळणे यांची सरमिसळ नको. वेळताना पाणी ओतून काढतात, गाळताना ते गाळणीतून जातं, आणि निथळणं म्हणजे उरलेलं थेंबथेंब उतरू देणं. पुरणाच्या डाळीला पहिलं आणि तिसरं दोन्ही लागतं. वेळून लगेच गूळ घातला तर तळाशी राहिलेलं पाणी गुळाबरोबर सुटतं, पुरण सैल होतं आणि आटवताना बुडाला लागतं. डाळ चाळणीत दहा मिनिटं तरी निथळू द्यावी.

– 'कट' म्हणजे हेच वेळून काढलेलं पाणी, पण ते कसंही निघून चालत नाही. १ वाटी हरभरा डाळीला ४ वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चमचाभर तेल. डाळ बोटाने सहज चिरडली पाहिजे, पण आकार टिकला पाहिजे. जास्त शिजली तर ती कटात उतरते: आमटी पिठल्यासारखी होते आणि पुरण कमी भरतं. कमी शिजली तर पुरणात कणी राहते आणि लाटताना पोळी फुटते. कट गूळ घालण्याआधीच काढायचा, हे वेगळं सांगायला नकोच. फार पातळ निघाला तर मूठभर शिजलेली डाळ घोटून त्यात घालतात. काही घरी त्याऐवजी चमचाभर पुरण घालतात; मग आमटीतला गूळ तेवढा कमी करावा. बाकी गोडा मसाला, चिंचेचा कोळ, भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून. फोडणीत तेल सढळ हवं, नाहीतर वर तवंग येत नाही. होळीच्या उन्हात नुसता कट झाकून ठेवला तर दुपारपर्यंत आंबतो, म्हणून काढल्याबरोबर उकळायला ठेवावा.

– उत्तर कर्नाटकात होळिगेबरोबर, म्हणजे तिकडच्या पुरणपोळीबरोबर, 'कट्टिन सारु' करतात. तिथेही 'कट्टु' म्हणजे डाळीचं वेळून काढलेलं पाणी. सीमाभागातल्या स्वयंपाकघरांत हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात.

– मग कटवडा? तिथला कट म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचा पातळ, झणझणीत, तर्रीदार रस्सा. त्यात डाळीचं पाणी असायलाच हवं असं नाही. पुरणाच्या दिवशी कट हा कच्चा माल असतो आणि त्याची आमटी करावी लागते. मिसळीत किंवा वड्यावर पडतो तो कट तयार पदार्थ. म्हणून 'कटाची आमटी' म्हणतात, पण 'कटाचा वडा' कुणी म्हणत नाही. मला दोन्हींतला समान धागा दाट भागावर सुटलेल्या पातळ द्रवाचा वाटतो. कारस्थान या अर्थाचा कट मात्र वेगळा धरावा.

– नाशिक-खानदेशाकडे याच जागी 'सार' किंवा 'रशी' ऐकू येते. कोकणातलं 'कळण' जवळचं, पण ते मुगाचं किंवा कुळथाचं, आणि पुरणाशी त्याचा संबंध नाही. खानदेशातल्या 'कळण्याच्या भाकरी'तला कळणा तर आणखी वेगळा: ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ.

– एक भर. पुरण झालं की नाही हे बघायला त्यात उलथनं उभं करतात. ते न कलता राहिलं, की पुरण 'झालं'. मग गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. थंड झालं की घट्ट होऊन यंत्र फिरत नाही.