बाल्टिमोरमधील खून घटले, ते नेमके कशामुळे?

वाटसरू (धागालेखक)

अमेरिकेतील बंदुकांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा शाळांमधील गोळीबारापाशी सुरू होते आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपाशी अडते. मोठ्या शहरांतल्या काही मोजक्या वस्त्यांत वर्षभर जे मृत्यू होत राहतात, त्यांच्याकडे फारसे कुणी वळत नाही. म्हणून येथे फक्त मेरीलँड राज्यातील बाल्टिमोरविषयी लिहितो. सहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या या शहरात २०१५ ते २०२२ या काळात दरवर्षी तीनशेहून अधिक खून झाले. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे दोनशेवर आली आणि २०२५ मध्ये दीडशेच्याही खाली गेली.

माझ्या मते याचे मुख्य श्रेय जानेवारी २०२२ मध्ये शहराच्या पश्चिम पोलीस विभागात सुरू झालेल्या योजनेला जाते. गोळी झाडण्याची किंवा गोळीला बळी पडण्याची दाट शक्यता असलेली माणसे थोडी असतात आणि बहुधा एकमेकांना ओळखत असतात. त्यांना नेमके हुडकून महापौर ब्रँडन स्कॉट यांचे पत्र हातात दिले जाते. नोकरी, उपचार, राहण्याची जागा यांसाठी मदत मिळेल, मात्र गोळीबार थांबला नाही तर कारवाई अटळ आहे, असे त्यांना समोरासमोर सांगितले जाते. हीच कल्पना बोस्टनने १९९६ मध्ये राबवली होती.

त्रिज्या

श्रेयाची ही वाटणी मला घाईची वाटते. महासाथीच्या काळात उसळलेले खुनांचे प्रमाण २०२३ आणि २०२४ मध्ये देशभरच उतरले, आणि ही योजना नसलेल्या शहरांतही उतरले. दुसरे असे की नोव्हेंबर २०२२ मध्ये निवडून आलेल्या आयव्हन बेट्स यांनी जानेवारी २०२३ मध्ये शहराचे मुख्य सरकारी वकील म्हणून सूत्रे हाती घेतली आणि बेकायदा बंदूक बाळगणाऱ्यांना तुरुंगात पाठवण्याचा आग्रह त्यांनी धरला. शिवाय अशीच योजना बाल्टिमोरने २०१४ मध्ये आणली होती आणि ती फसली, हे आपण लिहिलेले नाही.

वाटसरू

२०१४ चा उल्लेख राहिला, हे मान्य. तेव्हा योजना जाहीर झाली, पण शहराच्या नेतृत्वाने ती मनावर घेतली नाही, असे माझे मत आहे. बेट्स यांच्याबाबत मात्र तारखा पाहाव्यात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पश्चिम विभागाची तपासणी केली तेव्हा पहिल्या दीड वर्षात खून आणि गोळीबार सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. या दीड वर्षातले पहिले वर्ष बेट्स यांच्या आधीचे आहे, आणि त्याच २०२२ मध्ये संपूर्ण शहराचा आकडा तीनशेच्या वरच होता.

अनुस्वार

आपण दोघेही माणसांविषयी बोलत आहात आणि त्यांच्या हातातल्या वस्तूविषयी गप्प आहात. नळ सुरू ठेवून फरशी पुसण्यासारखे हे आहे. बाल्टिमोरमध्ये जप्त होणाऱ्या बंदुकांचा मोठा भाग मेरीलँडबाहेरून येतो, त्यामुळे एकट्या राज्याचा कायदा अपुरा पडतो. सुटे भाग विकत घेऊन घरी जोडलेल्या, अनुक्रमांक नसलेल्या बंदुकांची त्यात भर पडली. त्यांचे भाग विकणाऱ्या पॉलिमर८० या कंपनीवर शहराने २०२२ मध्ये खटला भरला आणि २०२४ मध्ये तडजोड झाली. आपल्या दोघांच्याही हिशेबात हे कुठे आहे?

त्रिज्या

मेरीलँडमध्ये पिस्तूल विकत घेण्यासाठी बोटांचे ठसे आणि परवाना सक्तीचा करणारा कायदा २०१३ पासून आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी खुनांचा आकडा तीनशेपार गेला. बंदुकांच्या पुरवठ्याचा नळ इतका महत्त्वाचा असेल, तर हे कसे घडले?

अनुस्वार

त्या वर्षांत काय झाले ते पाहिले पाहिजे. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे या तरुणाचा पोलीस कोठडीत झालेल्या दुखापतींमुळे मृत्यू झाला आणि शहर पेटले. २०१७ मध्ये तर बंदुका शोधण्यासाठी नेमलेल्या पोलीस पथकातील अधिकाऱ्यांवरच नागरिकांना लुटल्याचे आरोपपत्र दाखल झाले. अशा पोलिसांना साक्ष कोण देणार? आणि साक्ष मिळत नाही तेथे सूड हाच न्याय वाटू लागतो. कायदा निकामी ठरला असा निष्कर्ष त्या वर्षांवरून काढता येत नाही.

वाटसरू

पथकाचा मुद्दा मला पूर्ण पटतो. किंबहुना म्हणूनच पत्र द्यायला पोलिसांबरोबर वस्तीतली माणसेही असावी लागतात.

त्रिज्या

मग कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराकडे पाहा. तेथे २०१२ मध्ये हीच पद्धत सुरू झाली, काही वर्षांत गोळीबार जवळपास निम्म्यावर आला. पुढे शहराने तिची मूळ शिस्त सोडली आणि २०२१ मध्ये खुनांनी पुन्हा शंभरी ओलांडली. महापौर किंवा पोलीसप्रमुख बदलताच जे विरघळते, त्यावर शहराने किती विसंबावे? तुरुंगवासाची शिक्षा निदान निवडणुकीनंतरही टिकते.

वाटसरू

सरकारी वकीलही निवडणुकीतूनच येतो, बेट्स तसेच आले. टिकण्याचा खरा प्रश्न पैशाचा आहे. २०२२ च्या केंद्रीय कायद्याने वस्तीपातळीवरील अशा कामांसाठी २५ कोटी डॉलर ठेवले होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्याय खात्याने अशी अनेक अनुदाने मध्येच रद्द केली. हा खर्च शहरांनी आणि राज्यांनी स्वतःच्या अंदाजपत्रकात कायमचा घ्यावा, असे मला वाटते.

अनुस्वार

घ्यावाच. पण त्याच अंदाजपत्रकात बंदुकांचा माग काढणाऱ्यांसाठीही तरतूद असावी, एवढे माझ्या वतीने लिहून ठेवा.