बॉक्सिंगमधली एक काल्पनिक लढत, हेन्री आर्मस्ट्राँग विरुद्ध विली पेप: १२६ पौंड, १५ फेऱ्या. कोण जिंकेल?

वजनकाटा:
१९३७-३८चा आर्मस्ट्राँग आणि विमान अपघाताआधीचा, १९४६चा पेप. दोघेही ऐन भरात, फेदरवेट (१२६ पौंडांपर्यंतचा गट). माझं मत आधीच सांगतो: आर्मस्ट्राँग, बाराव्या फेरीच्या आत.

१९३७ या एका वर्षात त्याने २७ लढती केल्या, सगळ्या जिंकल्या, त्यातल्या २६ नॉकआउटने. ऑक्टोबरमध्ये पीटी सॅरनला सहाव्या फेरीत झोपवून फेदरवेट किताब घेतला. पुढच्या वर्षी बार्नी रॉसकडून वेल्टरवेट आणि लू अँबर्सकडून लाइटवेट, दोन्ही फेदरवेटहून जड गट. तीन वजनगटांचे किताब एकाच वेळी एका माणसाकडे! समोरच्याच्या छातीवर डोकं टेकवायचं आणि घंटा होईपर्यंत दोन्ही हात थांबवायचे नाहीत, ही त्याची पद्धत. पेप किती वेळ निसटणार? अंगावर येणाऱ्या धसमुसळ्या सँडी सॅडलरने त्याला चारपैकी तीनदा हरवलंच की.

जॅबप्रेमी:
सॅडलरचा दाखला इथे चालणार नाही. एक तर त्या चारही लढती अपघातानंतरच्या. जानेवारी १९४७मध्ये पेपच्या पाठीला आणि पायाला जबर मार बसला होता, आणि तुम्ही स्वतःच त्याआधीचा पेप घेतलाय. दुसरं म्हणजे सॅडलर उंच आणि लांब हातांचा होता. आर्मस्ट्राँग जवळपास पेपच्याच उंचीचा. त्याला ठोसा मारायचा तर दर वेळी आत शिरावं लागणार. शिवाय फेब्रुवारी १९४९मध्ये चेहरा फाटलेला असताना पेपने त्याच सॅडलरला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं, ते कसं विसरता?

पेप पळायचा असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या लढतींची चित्रफीत नीट बघावी. तो अर्धं पाऊल पुढे येतो, समोरच्याला ठोसा टाकायला लावतो, मग त्याच्या कोपराला हात लावून त्याला फिरवतो आणि स्वतः बाजूला सरकतो. समोरचा मान वर करतो तोवर पेप त्याच्या खांद्यामागून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत असतो. मान खाली घालून घुसणारा माणूस यासाठी सगळ्यात सोपा. पहिल्या ६२ लढती ओळीने जिंकल्या, एक हरला, पुन्हा ७३ लढती अपराजित. एवढं नशिबाने होत नाही.

वजनकाटा:
ती एक हरलेली लढत कोणाशी? सॅमी अँगटशी, मार्च १९४३. धरून, ढकलून, अंगाला चिकटून त्याने पेपला खेळूच दिलं नाही. आणि तीनच महिन्यांनी, उतरणीला लागलेल्या आर्मस्ट्राँगने त्याच अँगटला १० फेऱ्यांत हरवलं. चॉकी राइटचंही तसंच. आर्मस्ट्राँगने १९३८मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत आडवा केला, पेपला १९४२मध्ये किताबासाठी पूर्ण १५ फेऱ्या लागल्या.

जॅबप्रेमी:
१९४६मध्ये पेपनेही राइटला तिसऱ्याच फेरीत आडवा केला. राइट तेव्हा थकला होता हे मान्य, पण मग उतरणीचा आर्मस्ट्राँग मोजायचा आणि थकलेला राइट सोडायचा, असं कसं? आणि अँगट लाइटवेट होता.

मधली फेरी:
तुम्ही दोघंही रिंगमधल्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलत नाही. माझ्या मते ही लढत पंच ठरवेल.

ऑगस्ट १९३८ची अँबर्सविरुद्धची लढत आठवा. आर्मस्ट्राँगचं तोंड आतून फाटलं, रक्त कॅनव्हासवर पडत राहिलं, आणि पंचांनी लढत थांबवायची ताकीद दिली. तेव्हा त्याने माउथगार्ड काढून टाकला आणि उरलेल्या फेऱ्या स्वतःचं रक्त गिळत लढला. असा माणूस पेपच्या जॅबने मागे हटणार नाही. पण बरोबर एका वर्षाने, त्याच अँबर्सविरुद्ध, कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल पंचांनी त्याच्या पाच फेऱ्या काढून घेतल्या आणि लाइटवेट किताब गेला. खालून वर फिरणारे ते हुक (हात वाकवून मारलेले ठोसे) पोटावरून घसरायचे, आणि पेप सतत वळत राहिला तर आणखीच घसरतील. कडक पंच असेल तर पेप. क्लिंचमध्ये (दोघं एकमेकांना धरून चिकटलेले असताना) मोकळं सोडणारा असेल तर आर्मस्ट्राँग.

जॅबप्रेमी:
मुद्दा पटला. तरी मोकळा पंच धरूनही माझा हिशोब आठ फेऱ्या पेपच्या, सहा आर्मस्ट्राँगच्या, एक बरोबरीत. पहिल्या सहांपैकी पाच पेप घेईल, तिथेच फरक पडेल.

वजनकाटा:
पहिल्या सहांतल्या चार देतो, पाच नाही. आर्मस्ट्राँग ड्रेसिंग रूममध्येच घाम निघेपर्यंत हात चालवून रिंगमध्ये यायचा, पहिल्या घंटेपासून त्याचा वेग पूर्ण असायचा. त्या सहा फेऱ्यांत बरगड्यांवर बसलेले ठोसे गुणपत्रिकेत दिसणार नाहीत, पण नवव्या फेरीत पेपचे पाय जड होतील. आणि पाय गेले की पेपकडे त्याला थोपवेल असा ठोसा नाही.