'ओपन सोर्स' पुरावा : मुक्त, खुला की उघड?

तापीकाठ : एका मानवाधिकार अहवालाच्या अनुवादात अडले आहे. सीरियातील युद्धाच्या चित्रफिती २०१४ पासून जतन करणाऱ्या 'सीरियन अर्काइव्ह'साठी मी 'मुक्त स्रोत अभिलेखागार' असे लिहिले. त्यावर संपादकांनी विचारले की, मुक्त स्रोत म्हणजे कोणालाही बदलता येणारी आज्ञावली. मग युद्धगुन्ह्याचा पुरावाही कोणालाही बदलता येतो, असे वाचकाने समजायचे का? शंका रास्त आहे. येथे अभिप्रेत आहे ती यूट्यूब-फेसबुकवर कोणालाही पाहता येणारी सामग्री. पर्याय सुचवावा.

भुसावळकर : 'उघड स्रोत' म्हणा. बाजार समितीत कापसाचा उघड लिलाव होतो, तो रस्त्यावरून जाणाऱ्यालाही पाहता येतो. शब्द घरचा आहे.

अमळनेरचा वकील : भाऊ, लिलावापुरते ठीक आहे, परंतु 'उघड पुरावा' म्हटले की ऐकणारा 'ढळढळीत पुरावा' असे समजतो, आणि या सामग्रीची अडचण नेमकी उलट आहे. लिबियातील लष्करी कमांडर महमूद अल वेरफल्ली याच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ३३ जणांच्या हत्येप्रकरणी अटक वॉरंट काढले, ते मोठ्या प्रमाणात समाजमाध्यमांवरील चित्रफितींच्या आधारे. २०२१ मध्ये तो मारला गेला आणि खटला उभाच राहिला नाही. त्या चित्रफिती उलटतपासणीत टिकल्या असत्या का, हे कधीच कळले नाही.

पारोळेकर : 'खुला स्रोत' निर्दोष आहे. अशा सामग्रीच्या तपासासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका म्हणजे २०२० चा बर्कले प्रोटोकॉल. त्यानुसार, खास कायदेशीर अधिकार नसताना आणि कुठेही बेकायदा न शिरता, कोणालाही पाहता, विकत घेता किंवा मागवता येईल ती माहिती या वर्गात येते. उपग्रहाची छायाचित्रे पैसे मोजून घेतली तरी ती त्यातच, म्हणून 'मुक्त' चुकीचे. मात्र 'अर्काइव्ह'ला 'अभिलेखागार'च हवे. शासनाची परिभाषा उगाच नसते.

धुळ्याचे नाना : 'आगार' म्हटले की इमारत आली. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने सीरियातील असंख्य चित्रफिती अतिरेकी मजकूर समजून काढून टाकल्या. ज्यांनी आधीच प्रती काढून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडेच त्या उरल्या. हे काम इमारतीचे नाही, वेळेवर उचलण्याचे आहे. आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. स्वतः इतिहासकार राजवाड्यांनी घरोघरी हिंडून वाळवीच्या तोंडचे कागद गोळा केले होते. अशा संग्रहाला 'दप्तर' म्हणतात आणि कापडात बांधलेल्या त्याच्या गठ्ठ्याला 'रुमाल'. 'दप्तर' फारसी आहे, त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जाते, हे पारोळेकरांनी हरकत घेण्याआधीच सांगून ठेवतो.

पारोळेकर : नाना, दप्तर म्हटले की आज शाळेची पिशवी आठवते. युद्धगुन्ह्यांचे दप्तर कोणाच्या पाठीवर देणार?

अमळनेरचा वकील : नावापेक्षा प्रत बदललेली नाही हे सिद्ध होणे महत्त्वाचे. त्यासाठी उतरवून घेतल्याक्षणी फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून गणिताने निघणारा ओळखीचा आकडा, काढतात. जप्त मुद्देमालावर लाखेचे सील असते, तसे. एक बिंदू बदलला तरी आकडा वेगळा येतो. डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही आता हॅश नोंदवावा लागतो. परंतु चित्रीकरण कुठले, केव्हाचे, हे हॅश सांगत नाही. ते मनोरे, डोंगररेषा आणि सावल्या जुळवूनच ठरवावे लागते.

पारोळेकर : 'हॅश' का? 'अंकीय ठसा' म्हणावे.

अमळनेरचा वकील : ठसा म्हटले की न्यायालयात अंगठा पुढे करतील.

तापीकाठ : 'मुक्त' गेले, 'उघड' वादात आहे, 'खुला' संपादकांना कळवते. अर्काइव्हचे मात्र दप्तर करायचे की अभिलेखागार? की 'जतनसंग्रह' चालेल?

भुसावळकर : ताई, ते राहू द्या. मोबाइलवरच्या चित्रीकरणात फीत कुठे असते, ते आधी सांगा. 'चित्रफीत' कशाला म्हणायचे?

पारोळेकर : रूढीने. फीत गेली तरी शब्द राहतो.

भुसावळकर : मग दप्तराने काय घोडे मारले आहे?